कॅरमेलमध्ये मीठ आलं कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार.

गेल्या शनिवारी मी ओटीजीमध्ये सॉल्टेड कॅरमेल बार केले. खाली मैदा, बटर आणि पिठीसाखरेचा बिस्किटासारखा थर, वर कॅरमेल, त्यावर थोडं जाडसर मीठ. एका ट्रेचे 24 तुकडे झाले. सोमवारी चहाच्या वेळी ऑफिसात डबा उघडला आणि दहा मिनिटांत तो रिकामा. शेवटचा तुकडा खाताना टीममधल्या एकाने विचारलं, "अरे, गोडात मीठ टाकायची आयडिया पहिल्यांदा सुचली कुणाला?"

मी ठोकून दिलं, "असेल कुणीतरी शेफ."

घरी येऊन शोधायला बसलो. शेफ खरंच सापडला. पण त्याच्या मागे तीनेकशे वर्षांची एक रांग उभी होती: राजा, करवसुली करणारे शिपाई, स्मगलर, आणि पाठीवर मीठ बांधून पळणारे कुत्रे. होय, कुत्रे!

तर चला फ्रान्सला. नकाशात फ्रान्सचा पश्चिमेकडचा भाग अटलांटिक समुद्रात घुसलेला दिसतो ना, तो ब्रिटनी. पाऊस भरपूर, त्यामुळे गवत भरपूर, त्यामुळे गाई आणि लोणीही भरपूर. त्यात दक्षिणेला गेराँदची मिठागरं. लोणी घरचं, मीठ किनाऱ्यावरचं. फ्रिज नसलेल्या काळात लोणी टिकवायचं तर त्यात मीठ मळायचं, हा साधा हिशोब.

पण हाच हिशोब फ्रान्सच्या बऱ्याच भागात परवडणारा नव्हता, कारण तिथे मिठावर 'गाबेल' नावाचा कर होता. हा कर सगळीकडे सारखाही नव्हता. राज्याचे सहा प्रकारचे विभाग पाडलेले आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. सगळ्यात कडक विभागात, म्हणजे पॅरिसच्या भोवतीच्या मोठ्या पट्ट्यात, आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला ठरावीक मीठ सरकारी कोठारातून विकत घ्यावंच लागे. साधारण साडेतीन किलो. नको असलं तरी घ्यायचं. आणि हे मीठ फक्त स्वयंपाकाला आणि ताटात वापरायचं. डुकराचं मांस खारवून ठेवायचं असेल, तर त्यासाठी वेगळं मीठ घ्या, पुन्हा पैसे मोजा. उमराव, धर्मगुरू आणि बड्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना मात्र सवलत. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याच्याच खिशात जास्त हात.

ब्रिटनी या करातून पूर्ण मोकळी होती. ती 1532 मध्ये फ्रान्सच्या राज्यात सामील झाली, तेव्हा तिचे जुने हक्क कायम ठेवण्याचं वचन राजाने दिलं होतं. परिणाम काय? अठराव्या शतकात ब्रिटनीतलं वीत्रे आणि सीमेपलीकडचं लाव्हाल, या दोन गावांत अंतर जेमतेम 35-40 किलोमीटर, पण मिठाच्या भावात फरक वीस पटींहून जास्त! पुण्यात वीस रुपयांना मिळणारी पिशवी लोणावळ्याच्या पुढे चारशेला मिळाली, तर तुम्ही काय कराल?

त्या लोकांनीही तेच केलं. रात्री पाठीवर मिठाची पोती टाकून सीमा ओलांडायला सुरुवात केली. यात शेतकरी होते, विणकर होते, बाया होत्या, पोरंसोरंही होती. त्यांना म्हणायचे 'फो-सोनिए', म्हणजे चोरटं मीठ विकणारे. आणि कुत्र्यांची युक्ती तर अफलातून. सीमेपलीकडे वाढवलेला कुत्रा ब्रिटनीत आणायचा, उपाशी ठेवायचा, पाठीवर मीठ बांधायचं आणि सोडून द्यायचं. तो पोटासाठी थेट आपल्या घरी पळत सुटणार, शिपायांना चुकवत.

ऐकायला मजा वाटते, पण पकडलं गेल्यावरची शिक्षा मजेची नव्हती. 1680 च्या राजाज्ञेनुसार हत्यारं घेऊन टोळीने मीठ नेणाऱ्याला राजाच्या जहाजांवर वल्हं मारायला साखळदंडात पाठवत. दुसऱ्यांदा सापडला तर फाशी. जरा विचार करा. बहीण शेजारच्या गावात दिलेली, पण ते गाव सीमेपलीकडे. तिला पिशवीभर मीठ नेऊन दिलं, तर तुम्ही गुन्हेगार. वाटून खाण्याची सगळ्यात साधी गोष्ट, आणि तीच बेकायदा.

मग ब्रिटनीचे लोक आपली सूट जिवापाड का जपत, ते कळतं. 1675 मध्ये चौदाव्या लुईने युद्धाच्या खर्चासाठी नवे कर लावले, स्टॅम्प पेपरवर, तंबाखूवर. त्यातच अफवा पसरली की आता गाबेलही येणार. ब्रिटनी पेटली. सरदारांची घरं लुटली गेली, करांची कागदपत्रं जाळली गेली. सैन्याने बंड चिरडलं, लोकांना फासावर चढवलं, आणि ज्या चर्चच्या घंटा वाजवून गावं गोळा झाली होती, त्यातल्या काही चर्चचे मनोरेही पाडले. गाबेल मात्र ब्रिटनीत आला नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बंडाच्या चारच वर्षं आधी, 1671 मध्ये, शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दलच पत्र लिहिलं होतं. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारं मीठ स्वस्त पडत होतं आणि स्वराज्यातल्या मिठाचा व्यापार बुडायची भीती होती. म्हणून बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवा, असा हुकूम होता. कर मिठावरच, वेळही जवळपास तीच, पण हेतू आपले मीठवाले जगावेत हा. आणि पुढे 1930 मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला लोक मिठागरांत उतरले, ते गाबेलच्याच जातीच्या इंग्रजी कराविरुद्ध. मीठ सगळ्यांना लागतं. म्हणून ते राज्यकर्त्यांना खुणावतं, आणि म्हणूनच लोकांना जोडतं.

परत ब्रिटनीत येऊ. क्रांतीनंतर 1790 मध्ये गाबेल रद्द झाला. 1806 मध्ये नेपोलियनने मिठावर पुन्हा कर बसवला, आणि तो कायमचा गेला थेट दुसऱ्या महायुद्धानंतर. पण तोवर जिभेला सवय लागून गेली होती. फ्रान्सच्या बऱ्याच भागात बिनमिठाचं लोणी, ब्रिटनीत खारं. कर हे एकच कारण नव्हतं हे खरं. गाई आणि मिठागरं जवळ असणं हेही होतंच. पण कराने सीमेच्या दोन बाजूंना दोन सवयी पडायला मोठा हातभार लावला. कर गेला, सवय राहिली.

आणि आता आपला शेफ. आंरी ल रू याने 1977 मध्ये ब्रिटनीतल्या कीबरों या किनाऱ्यावरच्या गावात मिठाईचं दुकान टाकलं. इथलीच ओळख असलेलं काहीतरी त्याला करायचं होतं. त्याने खाऱ्या लोण्याचं मऊ कॅरमेल केलं, त्यात भरडलेला सुकामेवा घातला. 1980 मध्ये पॅरिसच्या मिठाई प्रदर्शनात ते फ्रान्समधली सर्वोत्तम मिठाई ठरलं. पुढे पिएर एर्मेने ती चव मॅकरॉनमध्ये नेली, 2008 मध्ये ती स्टारबक्सच्या हॉट चॉकलेटमध्ये पोचली, आणि आता आपल्याकडे आइस्क्रीमपासून पॉपकॉर्नपर्यंत सगळीकडे आहे.

म्हणजे माझ्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर काय? मला विचाराल तर प्रश्नच थोडा बदलायला हवा. ल रूने गोडात मीठ 'टाकलं' असं आपण म्हणतो. पण त्याच्या गावात मीठ लोण्यासोबतच यायचं. त्याच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी ते तिथे टिकवून ठेवलं होतं. त्याचं मोठेपण हे, की घरातली ती चव जगासमोर ठेवायला त्याला लाज वाटली नाही.

बार करणार असाल तर एक अनुभवाचा सल्ला. आपल्या दुकानात मिळणारं टेबल बटर खारंच असतं. म्हणजे न कळत आपणही ब्रिटनीवालेच! माझ्या पहिल्या घाण्यात मी ते बटर वापरून वर चमचाभर बारीक मीठ घातलं, आणि तो घाणा कुणी तोंडात धरेना. खारं बटर असेल तर कॅरमेलमध्ये वेगळं मीठ नको, फक्त वरून चिमूटभर जाडसर. साखर तांबूस झाली की आच बंद करा आणि क्रीम हळूहळू घाला. ते उसळतं, हात जपा.

आणि बार झाले की एकट्याने खाऊ नका. शेजारी द्या, ऑफिसला न्या, बहिणीकडे पाठवा. मिठाचा पदार्थ सीमेपलीकडे न्यायला आता कुणी अडवत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!