फीत, फ्लॉपी आणि परवाना : अनुक्रम ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमांची गोष्ट

आज आपण जो इतिहास बघणार आहोत तो शोध लावण्याचा कमी आणि शोध पोचवण्याचा जास्त आहे. डीएनएचे किंवा प्रथिनांचे अनुक्रम एकमेकांशी ताडून पाहण्याच्या रीती कुणी काढल्या, हे पाठ्यपुस्तकात मिळतं. नीडलमन आणि वुन्श यांची १९७० ची रीत, स्मिथ आणि वॉटरमन यांची १९८१ ची. पण रीत कागदावर असणं वेगळं, आणि ती चालवणारा प्रोग्रॅम एखाद्या साध्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर येणं वेगळं. तो प्रोग्रॅम कोण, कशावर घालून आणि कोणत्या अटीवर देतं, यावर कोण काय शोधू शकेल हे ठरत गेलं, असं आमचं म्हणणं आहे.

आधी ताडून पाहणं म्हणजे काय ते थोडक्यात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, तेव्हा देशभरातली हस्तलिखितं जमवून श्लोकाला श्लोक लावून पाठभेद नोंदले गेले. कोणत्या प्रती एका कुळातल्या, हे त्या जुळणीवरून कळलं. इथेही तसंच आहे. डीएनएची अक्षरं चार, प्रथिनांची वीस. दोन प्रथिनांची अक्षरं योगायोगाने जुळावीत त्याहून फार जास्त जुळली, तर त्यांचं मूळ एक असावं आणि बहुधा कामही सारखं असावं, असा अंदाज बांधता येतो.

या अंदाजात केवढी ताकद आहे ते १९८३ मध्ये दिसलं. माकडांमध्ये गाठी निर्माण करणाऱ्या एका विषाणूत ‘सिस’ नावाचं कर्करोगकारी जनुक होतं. ते नेमकं काय करतं हे ठाऊक नव्हतं. दुसरीकडे, रक्तातल्या प्लेटलेटमधून मिळणारं, पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन काही जण वाचत होते. कॅलिफोर्नियातल्या रसेल डूलिटल यांनी आपल्याजवळ जमवलेल्या अनुक्रमांशी ते ताडून पाहिलं, आणि दोन्ही जुळले! लंडनमधल्या वॉटरफील्ड यांच्या गटालाही त्याच सुमारास तेच सापडलं. कर्करोग म्हणजे पेशीच्या नेहमीच्या वाढीचीच यंत्रणा भलत्या वेळी चालू होणं असू शकतं, या कल्पनेला पुरावा मिळाला. आणि जुळणीचं ते काम संगणकावर झालं होतं, परीक्षानळीत नव्हे.

आता प्रश्न असा, की डूलिटल यांच्यासारखा साठा आणि प्रोग्रॅम किती जणांकडे होता? फार थोड्यांकडे.

साठ्यांची सुरुवात मार्गारेट डेहॉफ या बाईंनी केली. १९६५ मध्ये त्यांनी प्रथिनांच्या अनुक्रमांचा पहिला ‘ॲटलास’ काढला. त्यात ६५ प्रथिनं होती. प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर देण्याची, आज जगभर चालणारी पद्धतही त्यांचीच. पुढे सरकारी पैशातून डीएनएचा मोठा साठा करायचं ठरलं, तेव्हा हे काम त्यांना मिळेल असं अनेकांना वाटत होतं. १९८२ मध्ये ते मिळालं लॉस अलामॉसच्या वॉल्टर गोड यांच्या गटाला. (आडनाव गोड, पण प्रयोगशाळा अणुबाँबची!) कारणं बरीच होती, पण त्यातलं एक आपल्या विषयाचं आहे. डेहॉफ यांची संस्था आपल्या साठ्यावर हक्क सांगत असे, त्याच्या पुढच्या वाटपावर बंधनं ठेवत असे. गोड यांचा प्रस्ताव साठा सर्वांना खुला ठेवण्याचा होता. डेहॉफ यांना दोष देणं सोपं आहे. पण अशा संस्थेला वर्षानुवर्षं पगार द्यायचे असतात आणि अनुदान दरवेळी मिळतंच असं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. १९८३ मध्ये त्या गेल्या. जेनबँक नावाच्या त्या नव्या साठ्यात १९८२ च्या डिसेंबरात ६०६ अनुक्रम होते, एकूण ६,८०,३३८ अक्षरं. युरोपात हायडेलबर्गलाही असाच साठा त्याच वर्षी बाहेर आला. वाटप व्हायचं ते चुंबकीय फितींवर, आणि फीत वाचायची तर दारात मोठा संगणक हवा.

इथे डेव्हिड लिपमन आणि विल्यम पिअरसन येतात. १९८५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रोग्रॅम मांडला. प्रत्येक अक्षर प्रत्येक अक्षराशी लावून बघायचं तर वेळ जातो. यांनी युक्ती केली ती अशी : आधी जुळणारे लहान लहान अक्षरगट शोधायचे, ते जिथे दाटीने सापडतील तेवढाच भाग नीट तपासायचा, बाकी सोडून द्यायचं. थोडं निसटतं, पण वेळ प्रचंड वाचतो. २०० अमिनो आम्लांचं प्रथिन त्या वेळच्या पाच लाख अक्षरांच्या साठ्याशी ताडायला मिनी कॉम्प्युटरवर दोन मिनिटांहून कमी, आणि आयबीएम पीसीवर दहा मिनिटांहून कमी, असं त्यांनी लिहिलं. आमच्या मते त्या लेखातला सर्वात महत्त्वाचा शब्द ‘पीसी’ हा आहे. जीवशास्त्रज्ञाला आता संगणक केंद्राच्या दारात रांग लावायची गरज उरली नाही.

१९८८ मध्ये याच घराण्यातला ‘फास्टा’ आला. पिअरसन व्हर्जिनिया विद्यापीठातून तो सोर्स कोडसकट देत. अट एकच : लेखी परवानगीवाचून विकायचा नाही, विकण्याच्या मालात घालायचा नाही. अलीकडे तो अपाची परवान्याखाली मोकळा आहे. गंमत बघा, त्या प्रोग्रॅमला अनुक्रम ज्या साध्या रूपात लागायचा, म्हणजे पहिल्या ओळीत ‘>’ ही खूण आणि नाव, आणि खाली नुसती अक्षरं, ते रूपच जगाची चाल होऊन बसलं. फास्टा कधीही न चालवलेली मुलंसुद्धा आज ‘फास्टा फाइल’ म्हणतात.

आता दुसरा मासला, आणि इथे आपण जरा थांबू. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘जीसीजी’ नावाचा प्रोग्रॅमांचा संच तयार झाला. १९८४ मध्ये त्यावरचा लेख आला. व्हॅक्स संगणकावर चालायचा, सोबत सोर्स कोड यायचा, आणि कितीतरी प्रयोगशाळांचं पान त्याच्यावाचून हलेना. कोड हाताशी होता म्हणून युरोपातल्या मंडळींनी, पीटर राइस वगैरेंनी, त्यावर स्वतःची भर घातली. तिला ‘ईजीसीजी’ म्हणत. पुढे जीसीजीची कंपनी झाली, कंपनी विकली गेली, आणि त्या कोडचा आधार घेऊन लिहिलेले प्रोग्रॅम सोर्ससकट वाटायची सोय राहिली नाही. म्हणजे काय झालं? भर यांची, घाम यांचा, पण खालची जमीन दुसऱ्याच्या मालकीची निघाली. आपल्याकडे कुळांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा त्यांनी पहिल्यापासून नवं लिहायला घेतलं. तो ‘एम्बॉस’. परवाना जीपीएल निवडला : घ्या, बदला, वाटा, पण वाटाल तर कोडसकट. २००० मध्ये तो रीतसर बाहेर आला. पुढे २००५ मध्ये इंग्लंडमध्ये हिंक्स्टनची जी संस्था त्याचा मोठा आधार होती ती सरकारी संशोधन मंडळाने बंद केली. प्रोग्रॅम मात्र बुडाला नाही. कोड उघडा होता, शेजारच्या युरोपीय संस्थेत काम पुढे चालू राहिलं. जीसीजी त्या दशकाच्या अखेरीस बाजारातून गेला आणि त्याच्यावर बसवलेल्या लोकांच्या कामाच्या रीतीही त्याच्याबरोबर गेल्या. कंपनीने दुष्टपणा केला असं आम्ही म्हणत नाही. खप नसलेला माल दुकानदार ठेवत नाही, एवढंच.

ब्लास्टची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९९० चा लेख, लेखकांत पुन्हा लिपमन. बेथेस्डाच्या सरकारी केंद्रात तो सांभाळला जातो. अमेरिकी सरकारी नोकरांनी नोकरीत लिहिलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे ब्लास्ट आपोआप सर्वांचा झाला. त्याची दुसरी बाजूही आहे. सर्वांचं असलेलं कुणी घेऊन बंदही करू शकतं. मूळ लेखकांपैकी वॉरन गिश सेंट लुइसला गेले आणि तिथे निघालेली ब्लास्टची वेगळी शाखा परवान्यावर मिळू लागली : विद्यापीठांना फुकट, कंपन्यांना पैसे, सोर्स कोड नाही. शाखा वेगवान होती, अनेकांना आवडतही होती.

मग इंटरनेट आलं आणि प्रोग्रॅम वाटायची गरजच संपली असं वाटू लागलं. अनुक्रम सर्व्हरकडे पाठवा, उत्तर घ्या. पण औषध कंपनी आपला अनुक्रम परक्या संगणकाकडे कशाला पाठवेल? त्यांना प्रत घरातच हवी. आणि जिथे जोडणीच रडतखडत चालते त्यांनाही. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने ऐंशीच्या दशकातच देशभर माहिती केंद्रांचं जाळं उभारायला घेतलं. पुणे विद्यापीठातलं १९८७ चं केंद्र त्यातलंच. साठे आणि प्रोग्रॅम इथे आणून ठेवायचे, जवळपासच्या संशोधकांना वापरू द्यायचे, शिकवायचे, हे त्या जाळ्याचं काम. आज ते रुक्ष वाटेल, पण प्रत इथे असणं आणि तिकडे असणं यातला फरक त्या काळी संशोधन होणं न होणं इतका होता.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूचा अनुक्रम एडवर्ड होम्स यांच्या हस्ते खुला केला. पुढे पूर्ण झालेल्या रूपात त्याची लांबी २९,९०३ अक्षरं. फास्टा फाइल होती, ‘>’ ने सुरू होणारी. ती उतरवून घेऊन ब्लास्टला देणाऱ्यांना ना परवाना काढावा लागला, ना फितीची वाट बघावी लागली. हा सार्सचा जवळचा नातेवाईक आहे, हे त्यांना आपापल्या टेबलावर स्वतः तपासता आलं. अनुक्रम खुला झाल्यानंतर लगेचच झांग यांच्या प्रयोगशाळेला ‘सुधारणे’साठी टाळं लावायचा हुकूम आला. तोवर प्रती जगभर पोचल्या होत्या.