छांगआन : भिंतींचे नगर आणि भिंत ओलांडणारा वीर

चिनी शस्त्रवीरकथेस ‘वूश्या’ अशी संज्ञा आहे. हा कथाप्रकार म्हटला की पर्वत, मठ आणि निर्जन वाटा डोळ्यांपुढे येतात. राजधानी ही निव्वळ पार्श्वभूमी ठरते. तथापि या परंपरेच्या आरंभकाळातील थांग राजवटीच्या (इ. स. ६१८–९०७) कथा पाहिल्यास, वीराच्या कौशल्याला राजधानीच्या रचनेतूनच अर्थ प्राप्त होतो, असे आढळते.

यूवन खाय या स्थपतीच्या आराखड्यानुसार ५८२ मध्ये उभारणीस प्रारंभ झालेले छांगआन सुमारे ८४ चौरस किलोमीटर विस्ताराचे होते. शंभराहून अधिक मोहल्ले आणि दोन बाजारपेठा यांपैकी प्रत्येकाभोवती स्वतंत्र भिंत होती. सायंकाळी नगारे वाजले की दरवाजे बंद होत. ६५३ च्या थांग विधिसंहितेनुसार रात्री राजमार्गावर फिरणाऱ्यास २० फटके, तर मोहल्ल्याची भिंत ओलांडणाऱ्यास ७० फटके, अशी शिक्षा होती. ज्या नगरात भिंत ओलांडणे हाच गुन्हा, तेथे ती लीलया ओलांडणारा मनुष्य हा साहसवीर ठरतो, तसाच तो राज्यव्यवस्थेचा भंग करणाराही ठरतो.

हे नगर मराठी अभ्यासकास सर्वस्वी अपरिचित नाही. महाराष्ट्राचे व दुसऱ्या पुलकेशीचे वर्णन करणारा ह्यूएनत्संग ६४५ मध्ये येथेच परतला आणि ६४६ मध्ये त्याचा प्रवासवृत्तान्त येथेच सिद्ध झाला. दूरदेशींच्या यात्रेकरूंप्रमाणे व व्यापाऱ्यांप्रमाणे परदेशी गुलामही या राजधानीत होते. नवव्या शतकातील लेखक फेइ शिंग याच्या ‘खुनलुन गुलाम’ या कथेचा नायक मोले हा असाच दक्षिण समुद्रांकडील मानल्या गेलेल्या लोकांपैकी एक.

मोलेचा तरुण धनी त्सुई एका प्रतापी मंत्र्याच्या वाड्यातील गणिकेवर अनुरक्त होतो. ती बळजबरीने तेथे आणलेली आहे. ऐश्वर्यातही आपण बेड्यांतच आहोत, अशी तिची भावना आहे. मोले मध्यरात्री धन्याला पाठीवर घेऊन दहा भिंती ओलांडतो आणि दोघांनाही बाहेर काढतो. दोन वर्षांनी छूच्यांग सरोवराकाठच्या वसंतविहारात मंत्र्याचे सेवक तिला ओळखतात. भयभीत त्सुई गुलामाचे नाव सांगून मोकळा होतो. मंत्री तिला क्षमा करतो. मोलेला धरण्यासाठी मात्र ५० सशस्त्र शिपाई पाठवतो. तो भिंतीवरून निसटतो आणि दहाहून अधिक वर्षांनंतर लोयांगच्या बाजारात औषधे विकताना दिसतो.

ज्याने इतरांना मुक्त केले, त्यालाच राजधानीत स्थान उरले नाही, हा या कथेचा मर्मभाग होय.

याच्याशी १८७९ मध्ये पेकिंग येथे प्रसिद्ध झालेल्या ‘तीन वीर आणि पाच शूर’ या कादंबरीची तुलना उद्बोधक ठरते. कथाकथनकार शि यूखुन याच्या आख्यानांवर आधारलेल्या या कृतीत सुंग राजवटीची राजधानी खायफंग येते. तेथे जान जाओ हा वीर न्यायाधीश बाव यांच्या पदरी राहतो आणि सम्राटाकडून पदवी स्वीकारतो. भिंतीवर चढण्याची तीच विद्या आता राज्याच्या सेवेत रुजू होते.

९०४ मध्ये छांगआन उद्ध्वस्त करण्यात आले. परंतु सत्तेच्या भिंतीबाहेर राहावे की तिचे रक्षक व्हावे, हा त्या भिंतींनी उपस्थित केलेला प्रश्न शस्त्रवीरकथेत शिल्लक राहिला. राजधानीचा नकाशा वाचल्याखेरीज तो पुरता उमगत नाही.