विमानाची भीती : अभ्यासकांसाठी आणि घाबरणाऱ्यांसाठी प्रस्तावना

विमानाला घाबरणारा माणूस अडाणी असतो किंवा भित्रा असतो, हा समज पहिल्याच पानावर मोडीत काढलेला बरा. आयझॅक असिमोव्ह जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्यानं आकाशगंगाभर पसरलेली साम्राज्यं लिहिली आणि स्वतः मात्र आयुष्यात दोनदाच विमानात बसला, तेही तरुणपणी, नोकरी आणि लष्करसेवेच्या निमित्तानं. पुढे जन्मभर तो रेल्वेनं, मोटारीनं, बोटीनं फिरला. विमान हवेत का राहतं हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा या भीतीचं मूळ निव्वळ अज्ञानात नसावं. ते नेमकं कुठे आहे आणि त्याचं काय करायचं, हा या अभ्यासशाखेचा विषय.

शाखा म्हटलं खरं, पण ती कुठल्या एका विभागात बसत नाही. मानसोपचार, कानाच्या आतल्या भागाचं शरीरशास्त्र, विमानाची बांधणी, हवामान, माणूस धोक्याचा अंदाज कसा बांधतो याचा अभ्यास, हे सगळं इथे लागतं. विद्यार्थ्याला पाच दारं ठोठावावी लागतात आणि पाचही ठिकाणी त्याला पाहुण्यासारखंच वागवलं जातं. हा लेखसंग्रह हाती घेणाऱ्यांत मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि समुपदेशक असतीलच. पण ज्यांचं तिकीट काढून झालंय आणि झोप उडाली आहे, असेही काहीजण असतील. त्यांचं आधी स्वागत.

मराठी घरांत ही भीती सहसा स्वतःच्या नावानं वावरत नाही. मुलगा-सून न्यू जर्सीला, नातू व्हायचाय, व्हिसाही झालाय, आणि आई म्हणते, “तुम्ही जाऊन या, मी घर बघते.” दिल्लीच्या बैठकीसाठी आदल्या दिवशी राजधानी पकडणारा अधिकारी सांगतो की रेल्वेत झोप छान लागते. कारणं सगळी पटण्यासारखी, आणि घरचेही ती पटवून घेतात, कारण वाद कुणालाच नको असतो. ओ. होबार्ट मॉवरर या मानसशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. भीती एकदा लागते, हे सोपं आहे. ती टिकते कशी, हा खरा प्रश्न. मॉवररचं उत्तर असं की, टाळल्याबरोबर जे हायसं वाटतं, तेच पुढच्या वेळी टाळायला लावतं. तिकीट रद्द केलं की छातीतली धडधड थांबते. मन त्यातून शिकतं ते एवढंच की, वाचलो. न झालेल्या प्रवासात काहीच वाईट घडलं नसतं, हे कळायची सोयच उरत नाही.

इतिहासाकडे वळलं तर दिसतं की अभ्यासाला सुरुवात प्रवाशांपासून झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ब्रिटिश हवाई दलानं उड्डाणाला नकार देणाऱ्या जवानांच्या कागदांवर ‘मनोधैर्याचा अभाव’ या अर्थाचा शेरा मारायला सुरुवात केली. बॉम्बफेकी विमानांतून परत न येणाऱ्यांची संख्या पाहता त्या जवानांची भीती अगदी रास्त होती, पण शेरा रास्त-अवास्तव असा भेद करत नव्हता. या विषयाला चिकटलेली लाज बरीचशी तिथली आहे, असं माझं मत आहे. प्रवाशांचा काळ उजाडला तो १९५८ च्या सुमारास. त्या ऑक्टोबरात पॅन ॲमनं बोइंग ७०७ जेटची न्यूयॉर्क–पॅरिस सेवा सुरू केली. आणि योगायोगानं त्याच वर्षी जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं. त्यात भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करून, शरीर सैल सोडत, एकेक पायरी मनात अनुभवायची पद्धत होती. वोल्पेच्याही आधी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्सनं सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला खाऊ देत देत ससा त्याच्या जवळ आणला होता. वर्तनोपचाराचं बी तिथलं.

समुपदेशकानं सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘विमानाची भीती’ या एका नावाखाली निदान तीन-चार वेगळ्या भीती येतात. एकाला विमान पडेल असं वाटतं. दुसरीला विमानाचं काही वाटत नाही. दार बंद झाल्यावर दोन तास बाहेर पडता येणार नाही, याची धडकी भरते. तिसऱ्याला उंची सोसत नाही. चौथ्याला भीती स्वतःच्या शरीराची असते : छाती धडधडेल, श्वास कोंडेल, आपण ओरडू आणि सगळे बघतील. अशा माणसाला अपघातांची आकडेवारी सांगणं म्हणजे त्यानं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं. ही भीती किती जणांना असते याचे अंदाज १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत इतके दूर दूर पसरलेले दिसतात, त्याचं एक कारण हेच. कुणी हाताला घाम येणं मोजतं, कुणी विमानात पाऊलच न टाकणं मोजतं.

आता थोडं विमानात बसू. उड्डाणानंतरचं पहिलं मिनिट-दीड मिनिट नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण बहुतेकांची पाचावर धारण बसते ती तिथेच. धावपट्टीवर वेग घेताना पाठ सीटला दाबली जाते. जमीन सुटते, नाक वर होतं. साधारण हजार-दीड हजार फुटांवर वैमानिक इंजिनांचा जोर कमी करून चढाईच्या पातळीवर आणतात. तिथपर्यंतचा घुमणारा आवाज अचानक उतरतो. त्याच सुमारास नाक किंचित खाली येतं आणि पंखांचे फ्लॅप आत जाऊ लागतात. पंखाजवळच्या सीटवर त्यांची घरघर स्पष्ट ऐकू येते. आपल्या आंतरकर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते मेंदूला तोल कळवतात. पण त्यांची एक मर्यादा आहे : कललो आहोत की वेग बदलतो आहे, हा फरक त्यांना एकट्यानं करता येत नाही. एरवी तो फरक डोळे करतात. ढगात किंवा रात्री क्षितिज दिसत नाही, तेव्हा वाढता वेग हा प्रत्यक्षाहून जास्त चढ वाटतो, आणि तो वाढायचा कमी झाला की आपण खाली चाललो असं वाटतं. विमान चढतच असतं. वैमानिकाचा कानही असाच फसतो. म्हणून तर त्याला कानापेक्षा समोरच्या कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवायचं शिक्षण देतात. प्रवाशापुढे ते यंत्र नसतं, असते फक्त पुढच्या सीटची पाठ.

आवाजांचंही तसंच. आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर ए३२० कुळातल्या विमानांची चलती आहे. दार लागल्यावर त्यांच्या पोटातून कधी कधी करवत चालवल्यासारखा आवाज येतो. दोन हायड्रॉलिक प्रणालींमधला दाब सांभाळणाऱ्या यंत्राचा तो आवाज असतो. अनेकांनी तो ऐकून मनात इच्छापत्र करून टाकलेलं असतं!

हवेतल्या धक्क्यांबद्दल खोटा दिलासा देऊ नये. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला जबर धक्के बसले, अनेक जण जखमी झाले आणि एक प्रवासी दगावला. पण धक्क्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. पंख मोडण्याची जी चिंता आपण खिडकीतून करतो, ती अभियंत्यांनी आधीच केलेली असते : सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखांनी पेलला पाहिजे, असा नियम आहे. २०१० मध्ये बोइंग ७८७ च्या चाचणीत पंख सुमारे २५ फूट वर वाकवले गेले. पंख वाकतो म्हणूनच तो टिकतो.

आणि अपघात? १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्यावर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. कर्मचाऱ्यांत मुंबई परिसरातली मुलंमुली होती, आणि त्या आठवड्यात डोंबिवली-उरणकडच्या घरांतही सुतक होतं. अशा दिवसांत ज्याला विमानात बसवलं नाही, तो रुग्ण नव्हे. मानसोपचाराच्या व्यवहारात भयविकार म्हणायला भीती साधारण सहा महिने तरी टिकावी लागते, आणि तिनं माणसाचं आयुष्य अडवावं लागतं. हा भेद न करता प्रत्येक धास्तीवर निदानाचं लेबल लावणारे पाहिले की मला राग येतो.

आकडे मात्र आपल्या जागी खरे आहेत. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. पण आपण निर्धास्तपणे एक्स्प्रेस वेनं पुण्याला जातो, कारण स्टिअरिंग आपल्या किंवा ओळखीच्या हातात असतं. पॉल स्लोव्हिक यांच्या संशोधनातून दिसतं की धोका किती भयावह वाटतो हे मृत्यूंच्या संख्येवर ठरत नाही; तो आपल्या ताब्याबाहेर आहे का, एकदम अनेकांना घेऊन जातो का, यावर ठरतं. त्याची किंमतही मोजली गेली आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमान सोडून मोटार धरली, आणि गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशेबानुसार पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे १,५०० जास्तीचे लोक रस्त्यांवर मेले.

तरीही ३५ हजार फुटांवर आकडा मदतीला येत नाही. तिथे मन विचारतं, “ते ठीक आहे, पण हे विमान?” म्हणून उपचारांचा भर अनुभवावर असतो. स्वीडनमध्ये लार्स-गोरान ओस्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका दीर्घ बैठकीत केलेल्या उपचाराची तुलना पाच बैठकांशी केली. वर्षभरानंतर दोन्ही गट बरोबरीला होते. अमेरिकेत बार्बरा रॉथबॉम यांनी संगणकी आभासी विमान वापरलं. त्यांच्या २००० सालच्या अभ्यासात आभासी सराव आणि खऱ्या, उभ्या विमानातला सराव सारखेच गुणकारी ठरले, आणि ज्यांना उपचार मिळाले होते त्यांची प्रगती २००१ च्या हल्ल्यांनंतरही टिकून राहिली.

सरावानं नेमकं काय घडतं? जुनं उत्तर असं की, भीती विरून जाते. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उत्तर बदललं. त्यांच्या मते जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं, आणि ते बळकट होतं ते ‘काय होईल असं वाटलं होतं’ आणि ‘काय झालं’ यांतल्या तफावतीमुळे. तेव्हा प्रवासात शांत राहणं हे उद्दिष्टच नव्हे. घाम फुटला, हात थरथरले, आणि तरी ओरडलो नाही, वेडा झालो नाही, उतरलो : धडा तो.

इथेच शामक गोळीचा प्रश्न येतो. विल्हेल्म आणि रॉथ यांनी १९९७ मध्ये विमानभय असलेल्या २८ स्त्रियांवर अभ्यास केला. पहिल्या उड्डाणाआधी काहींना अल्प्राझोलाम दिलं, काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. औषधवाल्यांना त्या दिवशी कमी भीती वाटली. आठवड्यानं दोन्ही गटांना गोळीविना उडवलं, तेव्हा ज्यांनी आधी औषध घेतलं होतं त्यांना घबराटीचे झटके जास्त आले. सुखरूप उतरल्याचं श्रेय गोळीनं घेतलं होतं. शिकायचं राहून गेलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊच नये असा याचा अर्थ नव्हे, पण तिच्यावरच सगळा भार टाकला तर दरवेळी तीच लागणार, हे आधी माहीत असावं.

रामरक्षेचं काय, असं विद्यार्थी हमखास विचारतात. माझं उत्तर असं : जी रोज संध्याकाळी म्हटली जाते, ती विमानातही म्हणावी, कुणाच्या श्रद्धेत नाक खुपसायचं समुपदेशकाला काम नाही. पण ‘एक श्लोक चुकला तर इंजिन बंद पडेल’ अशा हिशेबानं ती म्हटली जात असेल, तर तिचं काम गोळीचंच चाललं आहे.

मराठी वाचकाला या शाखेत शिरायला एक ओळखीचं दार आहे. अल्बर्ट एलिसचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे कधीच घरोघरी पोचलं. पण त्याच एलिसनं १९७२ मध्ये विमानभयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ‘मला भीती वाटताच कामा नये’ हा हट्टच भीतीला दुप्पट करतो, हे एलिसचं सूत्र पुढच्या बहुतेक लेखांत वेगवेगळ्या रूपांत भेटेल.

स्वतःच्या भीतीसाठी हे पुस्तक उघडलेल्यांनी ते क्रमानं वाचायची गरज नाही. आपली भीती त्या चारांपैकी कोणती, तेवढं आधी ठरवा. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा मराठीतूनही बोलते. मग लहान पल्ल्याचं तिकीट काढा, मुंबई–गोवा चालेल. मात्र परतीचं तिकीटही विमानाचंच काढा. कोकण रेल्वेत जागा राखून ठेवू नका.