डिपस्टिकवरचा देवमासा

मोटारीतील इंजिन-ऑइलची पातळी इंजिन बंद करून पाहतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील लालसर तेलाची पातळी मात्र डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि गरम असताना तपासावी लागते. पंप फिरू लागला की तेलाचा काही भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाहिन्यांमध्ये जातो. तळाच्या पात्रात उरते तीच खरी पातळी. शिवाय २० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसवर जाताना हे तेल सुमारे ४ ते ५ टक्के प्रसरण पावते. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो, दाब उतरतो आणि क्लच घसरू लागतात. जास्त झाले तर फिरती चक्रे ते घुसळून फेस करतात, आणि परिणाम जवळपास तोच होतो.

पातळी सांगणाऱ्या त्या पट्टीवर नेमके काय चिकटलेले असे, हा इतिहास कमी परिचित आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रा-मॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. १९४९ मध्ये त्यासाठी 'टाइप ए' हे तेलाचे मानक ठरले. त्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. अडचण विलक्षण होती: दातेरी चक्रांना निसरडेपणा हवा, तर क्लचच्या तबकड्यांना पकड, तीही धक्का न देता. देवमाशाच्या तेलातील मेण-एस्टरांचे लांब रेणू धातूच्या पृष्ठभागाला धरून राहत आणि हा तोल साधत.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले आणि या तेलाची आयात थांबली. घाईने आलेल्या पर्यायी मिश्रणांपैकी एकाने तेल थंड करणाऱ्या कूलरमधील धातूचे सांधेच गंजवले. सूत्र पुन्हा बदलावे लागले. एका प्राण्याने फुकट पुरवलेले रसायन प्रयोगशाळेत उभे करणे किती कठीण, हे अभियंत्यांना तेव्हा उमगले असावे.

मेण-एस्टरांचा वनस्पतिज साठा मात्र वाळवंटात होता. जोजोबाच्या बियांतील तेल रचनेने देवमाशाच्या तेलाशी जवळचे आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने हे झुडूप १९६५ मध्येच इस्रायलहून भारतात आणले होते. परंतु जोजोबाचे तेल महाग पडले. गिअरबॉक्समध्ये कृत्रिम रसायने स्थिरावली आणि जोजोबा मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांकडे वळला.

आता तर अनेक नव्या गाड्यांत ही डिपस्टिकच नसते. गाडी सपाटीवर उचलून, तेल ठरावीक तापमानाला आले की मेकॅनिक एक बूच उघडतो आणि जादा तेल बारीक धारेने ओघळू देतो.