स्वभाषा आणि रॉक संगीत : ‘रे’ (१९९४) या मेक्सिकन ध्वनिमुद्रिकेचा विचार

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील पातूर हे गाव पूर्वी ‘पातूर शेख बाबू’ या नावाने ओळखले जाई. गावालगतच्या डोंगरात प्राचीन लेणी आहेत. गावात शेख बाबूंचा दर्गा आहे. आणि पातूर तालुक्यातीलच आलेगाव हे महानुभावांचे तीर्थस्थान आहे. धर्मग्रंथांची भाषा एक, राज्यकारभाराची दुसरी आणि घरची तिसरी, अशी स्थिती वऱ्हाडने शतकानुशतके अनुभवली. म्हणूनच गंभीर आशयासाठी कोणती भाषा वापरावी, हा प्रश्न या प्रदेशात फार पूर्वी उपस्थित झाला. म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्रा’च्या रूपाने त्याचे उत्तर मराठीत दिले. पुढे केसोबासांसारखा पंडित संस्कृतकडे वळू लागला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास आवरले. संस्कृतामुळे आपल्या पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानास मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते, ही ‘स्मृतिस्थळा’तील आठवण सर्वश्रुत आहे.

प्रतिष्ठित परभाषा की लोकांची भाषा, हाच पेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतील तरुण गायकांपुढे अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला. विजेवर चालणारी गिटार, ठसठशीत ताल आणि इंग्रजी शब्द यांसह अमेरिकेतून आलेले रॉक संगीत आपलेसे करावयाचे, तर ते कोणत्या भाषेत गावे? ‘काफे ताकुबा’ या वाद्यवृंदाची १९९४ साली प्रसिद्ध झालेली ‘रे’ ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या इतिहासात निर्णायक मानावी लागते. ती स्पॅनिश भाषेत आहे, एवढेच तिचे महत्त्व नव्हे. स्पॅनिशमध्ये रॉक त्यापूर्वी तीस वर्षांहून अधिक काळ गाइले जात होते. ‘स्वभाषा’ म्हणजे नेमके काय, याची व्याप्ती तिने बदलली, हे तिचे खरे कार्य होय.

हे कार्य समजण्यासाठी आधीच्या तीन अवस्था पाहणे अवश्य आहे. पहिली अवस्था भाषांतराची. १९६० च्या सुमारास ‘लोस टीन टॉप्स’ आदी वाद्यवृंदांनी अमेरिकन गाण्यांना स्पॅनिश शब्द दिले. अशा गाण्यांना तिकडे ‘रेफ्रितो’, म्हणजे ‘पुन्हा तळलेले’, असे म्हणत. यातील अडचण भाषाशास्त्रीय होती. इंग्रजीत एकाक्षरी शब्द विपुल आणि आघात तीव्र. रॉकचा ताल त्या आघातांवर बेतलेला असतो. स्पॅनिशमध्ये बहुसंख्य शब्दांत आघात उपान्त्य अक्षरावर पडतो आणि अक्षरे साधारण सारख्या अंतराने उच्चारली जातात. परिणामी शब्द बदलले तरी चाल इंग्रजीच राही, आणि भाषा तिच्यामागून फरफटत जाई.

दुसरी अवस्था स्वभाषात्यागाची. १९७० च्या आसपास अनेक मेक्सिकन वाद्यवृंद स्वतःची गाणी रचू लागले. पण ती इंग्रजीत. ११ व १२ सप्टेंबर १९७१ रोजी आव्हान्दारो येथे झालेल्या प्रचंड मेळाव्यात बहुतेक गायन इंग्रजीतच झाले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी त्लातेलोल्को येथे विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारानंतरचा तो काळ होता, आणि तरुणांच्या मोठ्या जमावाचे शासनास भय वाटत होते. मेळाव्यानंतर रॉक संगीतावर नभोवाणीची दारे जवळजवळ बंद झाली आणि हे संगीत शहराच्या कडेच्या कामगार वस्त्यांतील कोंदट जागांत गेले. या हद्दपारीचा एक परिणाम मात्र हितकारक ठरला. समोरचा श्रोता गरीब वस्तीतला असल्यामुळे गायकांना त्याच्या बोलीकडे वळणे भाग पडले. आव्हान्दारोला गाइलेल्या ‘थ्री सोल्स इन माय माइंड’ या वृंदाने पुढे रस्त्यावरच्या स्पॅनिशचा अंगीकार केला, हे या दृष्टीने उद्बोधक आहे.

तिसरी अवस्था बाजारपेठेची. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘तुझ्या भाषेतील रॉक’ अशा अर्थाची घोषणा करून ध्वनिमुद्रण-कंपन्यांनी अर्जेंटिना, स्पेन आणि मेक्सिको येथील वृंद एकत्र विक्रीस आणले. स्पॅनिश आता लाभाची भाषा ठरली. परंतु ही ‘तुझी भाषा’ सर्व देशांत खपेल अशी, स्थानिक खुणा पुसलेली प्रमाणभाषा होती. ‘काइफानेस’ या वृंदाने १९८८ मध्ये ‘ला नेग्रा तोमासा’ हे जुने क्यूबन गीत कुम्बिया तालावर गाऊन या साचेबंदपणास पहिला मोठा छेद दिला.

या पार्श्वभूमीवर ‘काफे ताकुबा’ १९८९ मध्ये मेक्सिको शहराच्या उपनगरात, स्यूदाद सातेलिते येथे, उदयास आला. रुबेन आल्बार्रान, एमान्वेल देल रेआल आणि होसेलो व किके रांखेल हे बंधू असे चौघे त्यात होते. वृंदात ढोलवादक नव्हता. तालासाठी यंत्र वापरीत, आणि त्याच्या जोडीस उभे कॉन्ट्राबास व ‘हाराना’ हे लोकवाद्य. वृंदाचे नाव शहरातील एका जुन्या उपाहारगृहावरून घेतलेले. ‘ताकुबा’ हा शब्द ‘त्लाकोपान’ या नाव्हात्ल भाषेतील स्थलनामाचा स्पॅनिश मुखात झालेला अपभ्रंश होय. म्हणजे नावातच जित आणि जेते यांच्या भाषांचा थर आहे.

‘रे’मध्ये वीस गीते आहेत. निर्माते गुस्ताव्हो सान्ताओलाया यांनी अर्जेंटिनात तरुणपणीच लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घातला होता. येथे ‘ला इन्ग्राता’ उत्तर मेक्सिकोच्या पोल्कासदृश चालीवर आहे, ‘एसा नोचे’ बोलेरोच्या अंगाने जाते, ‘एल फिन दे ला इन्फान्सिया’ ग्रामीण वाजंत्र्यांच्या ठेक्यावर नाचते, तर अन्य काही गीते कर्कश विद्युत्-गिटारीची आहेत. विषयही तसेच: भुयारी रेल्वेत अडकून पडलेला प्रवासी, विकासाच्या कल्पनेस विटलेला अभियंता, गल्लीतला पुढारी. या शेवटच्या गीताचे ‘एल त्लातोआनी देल बार्रिओ’ हे शीर्षक भाषाभ्यासकाने थांबून पाहण्यासारखे आहे. ‘त्लातोआनी’ ही अॅझ्टेक राजाची पदवी, मूळ अर्थ ‘बोलणारा’. ‘बार्रिओ’, म्हणजे वस्ती, हा अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला शब्द. ‘पातूर शेख बाबू’ या नावाप्रमाणेच चार शब्दांत एक इतिहास गोठला आहे.

येथे निर्णायक गोष्ट ही की, भाषा बदलली की चालही बदलावी लागते, हे या वृंदाने ओळखले. कोरीदो या कथागीताची आठ अक्षरांची ओळ स्पॅनिशच्या आघातव्यवस्थेतून घडलेली आहे. ती स्वीकारताच शब्दांची ओढाताण थांबली. मराठीत अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतला’त कालिदासाचे कथानक साकी, दिंडी, लावणीच्या वळणांत बसविले, तेव्हा असाच न्याय लागू झाला होता. ‘रे’ हे नावही सूचक वाटते. सरगमातील दुसऱ्या स्वरास स्पॅनिशमध्येही ‘रे’ म्हणतात. शिवाय हा उपसर्ग ‘पुन्हा’ आणि ‘अतिशय’ हे दोन्ही अर्थ देतो. भाषांतराच्या काळातील ‘रेफ्रितो’मधील पुनरुक्ती आणि येथील पुनरुक्ती यांतील अंतर हेच तीस वर्षांच्या वाटचालीचे माप होय. तेथे परक्याची चाल पुन्हा तळली जात होती. येथे आजीआजोबांच्या चाली पुन्हा ऐकल्या जात होत्या.

तथापि परंपरेचा स्वीकार निर्दोष नसतो, याची साक्षही याच ध्वनिमुद्रिकेत आहे. ‘ला इन्ग्राता’मध्ये प्रेमभंग झालेला नायक प्रेयसीच्या जिवावर उठतो. जुन्या रांगड्या गीतांची ती थट्टा होती. पण थट्टेबरोबर त्यांतील हिंसाही श्रोत्यांच्या ओठी बसली. मेक्सिकोत स्त्रीहत्यांचा प्रश्न तीव्र झाल्यावर २०१७ मध्ये वृंदाने हे आपले अत्यंत लोकप्रिय गीत यापुढे न गाण्याचे जाहीर केले. स्वभाषेकडे परतणाऱ्यास तिच्यातील काय टाकावयाचे, हेही ठरवावे लागते. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २०१२ मध्ये लॅटिन रॉक ध्वनिमुद्रिकांत ‘रे’ला प्रथम स्थान दिले, पण पाच वर्षांनंतरचा हा निर्णय तिच्या कर्त्यांच्या प्रगल्भतेचा अधिक मोठा पुरावा मानावयास हरकत नाही.

नागदेवाचार्यांच्या आग्रहामागे ऐकणारी म्हातारी होती. मेक्सिकन गायकांना स्पॅनिशकडे वळविणाराही वस्तीतला श्रोताच होता. भाषानिष्ठेची चर्चा आपल्याकडे बहुधा लिहिणाऱ्याच्या बाजूने होते. ‘रे’चा इतिहास ती ऐकणाऱ्याच्या बाजूने करावयास शिकवितो. वऱ्हाडी बोलीतील गीतांचा, त्यांच्या ओळींचा आणि चालींच्या आघातांचा असा अभ्यास होणे अगत्याचे आहे. प्रमाण मराठीसाठी बांधलेल्या चालीत वऱ्हाडी शब्द कोठे अडतात आणि जात्यावरच्या ओवीत ते कसे सहज वाहतात, हे मोजून पाहिले, तर बोलीच्या सामर्थ्याविषयी बोलण्यास अधिक भक्कम आधार मिळेल.