भाताच्या मुळावरचा गंज

आहुप्याच्या, भीमाशंकरच्या पट्ट्यात किंवा जुन्नरच्या पश्चिमेला घाटघरकडे आवणी होऊन महिना उलटला, की खाचरातलं एखादं रोप उपटून धुऊन पाहावं. मुळांची कोवळी टोकं पांढरी असतात. जुन्या मुळांवर मात्र तांबूस-नारिंगी थर चढलेला असतो आणि तो चोळूनही सहजी सुटत नाही. हा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचा थर. त्यातले बरेच कण अवघ्या काही नॅनोमीटरचे असतात.

हे लोह आलं खडकातून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेल्या इथल्या काळ्या बेसाल्टमध्ये लोह भरपूर आहे. घाटमाथ्यावरच्या पावसाने त्यातले विरघळणारे घटक धुऊन नेले. हवा लागलेलं लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते मागे राहिलं आणि भीमाशंकरच्या माथ्यावर जांभा झाला.

खाचर पाण्याने भरून चिखलणी झाली, की हेच लोह चालू लागतं. मातीतला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग काही जिवाणू श्वसनासाठी गंजाचाच आधार घेतात. गंज सुटतो आणि फेरस, म्हणजे विरघळणाऱ्या रूपातलं लोह पाण्यात उतरतं. ते फार झालं तर भाताची पानं तांबूस ठिपके पडून करपतात. पण भाताच्या अंगात हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांतून प्राणवायू मुळापर्यंत पोचतो, थोडा बाहेर झिरपतो आणि आत शिरू पाहणारं लोह मुळाच्या सालीवरच गंजून बसतं.

लोहाशी जिवांचा हा झगडा फार जुना आहे. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला. तोवर समुद्रात विरघळलेलं लोह हाताशी होतं आणि जिवांची कितीतरी कामं त्यावर चालत होती. पुढे ते गंजून दुर्मिळ झालं. शिवाय पेशीत मोकळं फिरणारं लोह प्राणवायूच्या संगतीत घातक रेणू तयार करतं. यावर जिवांनी काढलेला तोडगा मला अजूनही थक्क करतो: त्यांनी गंज कणगीत भरला. ही कणगी म्हणजे फेरिटिन. प्रथिनाचे २४ तुकडे जुळून झालेली, बाहेरून १२ आणि आतून ८ नॅनोमीटरची. फेरस लोह अरुंद वाटांनी आत शिरतं, भिंतीतल्या ठरावीक जागी त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि पोकळीत फेरिहायड्राइट या गंजाच्या खनिजाचा कण वाढतो. त्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. मुळावरच्या थरातही बहुधा हेच खनिज असतं. फरक एवढाच, की पेशीतल्या कणाचा आकार भिंत ठरवते आणि गरज पडली की तो पुन्हा विरघळवता येतो. जिवाणू, वनस्पती, माणूस, सगळ्यांकडे याच घराण्यातली प्रथिनं आहेत. काही जिवाणू तर लोहापासून चुंबकीय मॅग्नेटाइटचे कण घडवून त्यांची माळ अंगात बाळगतात. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये हे जिवाणू जगापुढे आणले.

फेरिटिन हाती लागलं १९३७ मध्ये. चेक शास्त्रज्ञ विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून त्याचे स्फटिक वेगळे केले. १९७२ पासून ते रक्तात मोजता येऊ लागलं. निरोगी प्रौढ व्यक्तीत ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं, तर शरीरातला साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मानते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. पायाखालची माती लोहाने लाल असलेल्या मुलखाला हे शोभत नाही.

पॉलिश केलेल्या तांदळाच्या दाण्यात लोह थोडंच उरतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी सोयाबीनच्या फेरिटिनचं जनुक भातात घातलं आणि दाण्यातलं लोह तिपटीपर्यंत वाढलं. ही दोन्ही पिकं इथलीच: जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडे खरिपात सोयाबीन पेरतात, पश्चिमेकडे भात आवतात.