बॅटरीच्या अटीवर घडलेली चिप

मे २००४ मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी 'डोथन' या सांकेतिक नावाचा पेंटियम एम प्रोसेसर बाजारात आणला. जूनअखेर सर्व्हरसाठी 'नोकोना' हा झिऑन आला. कंपनी एकच, ९० नॅनोमीटरचे निर्मितितंत्रही एकच. डोथनचा सर्वाधिक वेग २ गिगाहर्ट्झ आणि उष्णतेची संकल्पित मर्यादा २१ वॅट. नोकोनाचा वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि मर्यादा १०३ वॅट.

दोन वर्षांनी यांपैकी एका घराण्याची सद्दी संपली. संपली ती सर्व्हरच्या चिपची.

ही कथा 'दुबळ्याने बलाढ्याला हरवले' अशी सांगण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे, कारण लॅपटॉपच्या या चिपचे कूळ मुळात सर्व्हरचेच होते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये पेंटियम प्रो आला. त्याचा आराखडा 'पी ६' या नावाने ओळखला जातो आणि तो ओरेगनमधील चमूने रचला होता. तो सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठी होता. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील 'आस्की रेड' या महासंगणकात असे सात हजारांहून अधिक प्रोसेसर जोडले गेले आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याने सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा, म्हणजे एक टेराफ्लॉपचा, टप्पा जगात प्रथम ओलांडला. पी ६ वरच पुढे पेंटियम २ आणि पेंटियम ३ उभे राहिले.

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने हा आराखडा बाजूला सारला आणि पेंटियम ४ आणला. त्याच्या आराखड्याचे नाव नेटबर्स्ट. ग्राहक गिगाहर्ट्झचा आकडा पाहून संगणक विकत घेत असे, म्हणून आकडा वाढवायचा. त्यासाठी कामाचे तुकडे अधिक बारीक केले गेले.

आग विझवताना विहिरीपासून घरापर्यंत हातोहात बादल्या देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणावी. माणसे वाढवली की प्रत्येकाला थोडेच अंतर हात न्यावा लागतो आणि हालचाल झपाझप होते. पण 'हे घर नव्हे, ते पेटले आहे' असे मध्येच कळले, तर रांगेतल्या साऱ्या बादल्या वाया जातात. रांग जितकी लांब, तितका तोटा मोठा. पुढची आज्ञा कोणती असेल, याचा अंदाज बांधून प्रोसेसर सतत काम करीत असतो, आणि अंदाज चुकला की असेच होते. पेंटियम ४ च्या पहिल्या आवृत्तीत या रांगेचे २० टप्पे होते. २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत ते ३१ झाले, आणि नोकोना हा त्याचाच भाऊबंद.

दरम्यान, इस्रायलमधील हैफा येथील इंटेलच्या केंद्राचा 'टिम्ना' हा स्वस्त संगणकांसाठीचा प्रकल्प २००० साली रद्द झाला होता. लॅपटॉपची चिप रचण्याचे काम याच केंद्राकडे होते. इथे अट बॅटरीची होती: जी वीज कामी येत नाही, ती खर्चायची नाही. हैफाच्या अभियंत्यांनी नेटबर्स्ट न घेता पी ६ ची वाट धरली. अंदाज बांधणारी यंत्रणा सुधारली, छोट्या आज्ञा जोडीने हाताळल्या आणि एक मेगाबाइट कॅशचा वापरात नसलेला भाग निद्रिस्त ठेवण्याची सोय केली.

मार्च २००३ मध्ये आलेल्या या चिपचे सांकेतिक नाव 'बानियास'. हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी पान या ग्रीक देवाचे ठाणे होते, ते पानेआस. अरबीत 'प' नसल्याने त्याचे बानियास झाले. (इतिहासाच्या अभ्यासकाला याहून गोड सांकेतिक नाव क्वचितच मिळेल.) १.६ गिगाहर्ट्झची ही चिप अनेक कामांत २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची बरोबरी करीत असे.

मग नेटबर्स्टचे कर्ते मूर्ख होते का? मुळीच नव्हते. ट्रान्झिस्टर आकुंचले की त्यांना लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते, हा रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेला नियम पाव शतकाहून अधिक काळ खरा ठरत आला होता. त्या भरवशावर १० गिगाहर्ट्झची स्वप्ने पाहिली गेली. पण ९० नॅनोमीटरच्या सुमारास ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज झिरपू लागली आणि हिशेब कोलमडला. मे २००४ मध्ये नियोजित 'तेजस' रद्द झाला, ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४. इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी फ्लोरिडातील एका परिषदेत त्याबद्दल गुडघे टेकून क्षमा मागितली, अर्थात विनोदाने.

डोथन आणि नोकोना यांच्या वॅटांची तुलना करताना एक भान ठेवावे लागते. नोकोना ६४ बिटांचा होता आणि जोडीने काम करू शकत असे. डोथन ३२ बिटांचा आणि एकांडा. एएमडीचा ६४ बिटांचा ऑप्टेरॉन एप्रिल २००३ पासून सर्व्हरच्या बाजारात इंटेलला बेजार करीत होता. तेव्हा लॅपटॉपची चिप जशीच्या तशी उचलून सर्व्हरमध्ये बसवणे पुरेसे नव्हते. तसा प्रयत्नही झाला: मार्च २००६ मधला 'सॉसामन' हा झिऑन म्हणजे कोअर ड्युओ या लॅपटॉप-चिपचाच अवतार, ३१ वॅटचा, पण ३२ बिटांतच अडकलेला. तो फार काळ चालला नाही.

खरे उत्तर हैफातच तयार होत होते. पी ६ चे वळण कायम ठेवून रुंद केलेला, ६४ बिटांचा आणि १४ टप्प्यांचा 'कोअर' आराखडा. मे २००६ मध्ये आलेल्या नेटबर्स्टच्या झिऑन ५०८० चा वेग ३.७३ गिगाहर्ट्झ आणि मर्यादा १३० वॅट. जूनमधल्या 'वूडक्रेस्ट' झिऑन ५१६० चा वेग ३ गिगाहर्ट्झ आणि मर्यादा ८० वॅट. बहुतेक कामांत दुसराच सरस ठरला. ज्या सर्व्हर-विभागाने वेगापायी वीज जाळली होती, त्याला काटकसर शिकवली ती बॅटरीवर वाढलेल्या आराखड्याने.

नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत पुण्याच्या 'एका' या टाटांच्या महासंगणकाने ११७.९ टेराफ्लॉप्सच्या वेगाने चौथा क्रमांक मिळवला. त्यात ३ गिगाहर्ट्झचे, चार गाभ्यांचे 'क्लोव्हरटाउन' झिऑन होते. क्लोव्हरटाउन म्हणजे एकाच आवरणात शेजारीशेजारी बसवलेल्या दोन वूडक्रेस्ट.